काकांसाठी वेगळी फोडणी

आमच्या वयाच्या, म्हणजे साठीच्या अल्याडपल्याडच्या, कुणालाही विचारा. घरात पहिला अटॅक कधी आला हे तो लग्नाच्या तिथीइतकं पक्कं सांगेल. बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी आणि थोरल्या काकांचा अटॅक, अशी आमच्या घरची कालगणना होती. सोलापुरात उत्तर कसब्यातला वाडा, तीन भाऊ, एक स्वयंपाकघर आणि आम्ही अकरा चुलत भावंडं. अटॅक आला १९८३ च्या मे महिन्यात, ऐन उन्हाच्या तलखीत. काका गिरणीच्या कचेरीत हिशेबनीस होते. वय बावन्न, अंगाने काडी. त्यांना असं काही होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, कारण अटॅक जाड माणसांना येतो, शेटजींना येतो, नाहीतर सिनेमात मुलगी पळून गेल्याचं कळताच बापाला येतो, अशी आमची पक्की माहिती होती.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला, दुखण्यावर इंजेक्शन दिलं आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट. त्या काळात त्यापलीकडे फारसं काही नव्हतंच. हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकते, ती अटॅकचं कारण की अटॅकचा परिणाम, यावर डॉक्टरांमध्येच वर्षानुवर्षं वाद होता. अमेरिकेत डीवुड नावाच्या डॉक्टरने अटॅक चालू असतानाच रुग्णांच्या धमन्यांची चित्रं घेतली आणि गुठळी हेच कारण असल्याचं दाखवलं, ते १९८० साली. म्हणजे काकांच्या आधी जेमतेम तीन वर्षं. गुठळी विरघळवणारी औषधं सर्रास वापरात यायला आणखी चार-पाच वर्षं जायची होती.

घरी आणल्यावर सहा आठवडे त्यांना उठू द्यायचं नाही असं ठरलं. खरं तर बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी १९५२ सालीच अशा रुग्णांना खुर्चीत बसवून पाहिलं होतं आणि सक्तीने पडून राहण्याचेच धोके जास्त आहेत हे लक्षात आणून दिलं होतं. पण ही गोष्ट बोस्टनहून उत्तर कसब्यापर्यंत यायला तीस वर्षंही पुरली नाहीत. काकांची खाट माजघरात आली. आम्हा पोरांना चपला हातात घेऊन जायचा हुकूम झाला. आणि सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे त्यांना काही सांगायचं नाही. आत्याच्या यजमानांची बदली झाली, सांगायचं नाही. गिरणीत बोनसवरून तंटा चाललाय, सांगायचं नाही. माजघराच्या उंबऱ्यावर सगळ्या घराचा आवाज एकदम खाली येई, आणि काकांना वाटे की आपलं काही खरं नाही. २५ जूनला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. डॉक्टरांनी क्रिकेटबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं, पण आजीने परस्पर रेडिओ बंद करून आपल्या ट्रंकेत ठेवला. आम्ही शेजारच्या वाड्यात जाऊन ऐकला. मध्यरात्री गावभर फटाके उडाले तेव्हा काका दचकून जागे झाले आणि ओरडले, "जिंकलो काय रे?" आजीच्या हिशेबाने हाच दुसरा अटॅक यायचा क्षण होता. काका उठून बसले, त्यांनी पाणी मागितलं आणि गावस्करने किती केल्या ते विचारलं. दोन केल्या होत्या. तेही सांगायचं नाही असं ठरलं.

पण आजारपणाचा खरा मुक्काम स्वयंपाकघरातच पडला. डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: तूप बंद, मीठ कमी, तळण बंद, करडईचं तेल. शेवटच्या ओळीवर घरात हशा पिकला. मुंबई-पुण्याकडचे आमचे नातेवाईक तेव्हा करडईचं तेल हृदयाचं औषध म्हणून वाण्याकडून महागात घेत होते आणि त्याबद्दल मानाने बोलत होते. आमच्याकडे ते पिढ्यान् पिढ्या घाण्यावरून येत होतं. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी व्हायची, पेंड म्हशीला जायची. आजी म्हणाली, "एवढं जन्मभर खाऊन तर हे झालं!"

आजीच्या त्या वाक्यात तिला वाटलं त्यापेक्षा जास्त तथ्य होतं. त्या काळाचा विचार सरळ होता: करडईच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरतं, कोलेस्टेरॉल उतरलं की हृदय वाचतं. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली होती. त्यातल्या एका गटाला लोणी आणि प्राण्यांची चरबी सोडून करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन दिलं गेलं. त्या आकडेवारीची संपूर्ण फेरतपासणी २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली तेव्हा दिसलं की कोलेस्टेरॉल उतरलं होतं, पण त्या गटात मृत्यू अधिक झाले होते. एवढ्यावरून तुपाचे डबे उघडून बसायचं कारण नाही. चाचणी लहान होती आणि एकूण पुरावा आजही तूप-लोण्याऐवजी वनस्पतिजन्य तेलाच्या बाजूनेच आहे. पण एकच तेल म्हणजे औषध, ही समजूत मात्र त्यात वितळली. आणि गंमत अशी की ज्याच्याकडे खरंच बोट दाखवायला हवं होतं ते पिवळ्या डब्यातलं वनस्पती तूप दिवाळीला आमच्याकडे किलोकिलोने यायचं, 'साजूक नाही, मग चालतं' म्हणून. त्यातल्या ट्रान्स फॅटवर देशात दोन टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ साली. तोवर आमच्या पिढीच्या शंकरपाळ्या खाऊन झाल्या होत्या.

तुपाबद्दल आणखी एक सांगायला हवं. एस. एल. मल्होत्रा नावाच्या रेल्वेतल्या एका डॉक्टरांनी १९६७ साली देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरेकडचे कर्मचारी दूध-तूप कितीतरी पट जास्त खात, पण हृदयविकाराने मृत्यू दक्षिणेकडच्यांत अनेक पटींनी अधिक. त्यांनी काढलेले निष्कर्ष पुढे सगळे टिकले नाहीत, पण ताटातल्या एका जिनसेवर खापर फोडून मोकळं होता येत नाही हे त्यातून तेव्हाच कळायला हरकत नव्हती.

तर वेगळी फोडणी. थोरली काकू रोज दोन पातेली चढवायची. घरच्यांची आमटी एका पातेल्यात, काकांची दुसऱ्यात. त्यांच्या फोडणीला पळीभर तेलाऐवजी चमचा, आणि मीठ चिमूटभर. काका पहिला घास घेऊन पानाच्या डाव्या बाजूला बघायचे. तिथे मीठ वाढलेलं नसायचं. एवढा शिस्तीचा माणूस, पण शेंगाची चटणी दिसली की बोटाने हळूच उचलायचा. मग कुणीतरी शोध लावला की सैंधव चालतं. काही दिवस वाड्यात सैंधवाची चैन झाली. सैंधव झालं तरी ते सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला त्याचा रंग दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅम मीठ म्हणते, म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खारी शेंग, बेकरीची बटरं सगळं आलं. आमच्याकडे वाळवणाच्या दिवसांत तेवढं मीठ गच्चीवरच तोंडात जात असेल.

हृदयाचा आजार आम्हाला तसा नवा नव्हता. मधल्या काकांच्या मुलीला, आमच्या ताईला, शाळेत असताना सांधे सुजून ताप आला होता आणि त्यात हृदयाची झडप अधू झाली होती. सगळे 'व्हॉल्व्ह' म्हणायचे. "तिला व्हॉल्व्ह आहे," जणू तो बाकीच्यांना नसतो! दर एकवीस दिवसांनी पेनिड्युअरचं इंजेक्शन. पांढरं, दाट, कमरेत दिलं की दोन दिवस लंगडत चालायला लावणारं. घशातल्या एका जंतूशी लढताना शरीर चुकून आपल्याच झडपांवर उलटतं. तो जंतू पुन्हा घशात उतरू नये म्हणून हे पेनिसिलीन. दाटीवाटीच्या घरांचा हा आजार. एका खोलीत सात जण झोपत असू, तेव्हा तो आमच्या घरी आला याचं नवल नाही. ताईने वर्षानुवर्षं इंजेक्शन चुकवलं नाही आणि तिची झडप शाबूत राहिली. आमच्या घरात प्रतिबंध नावाची गोष्ट पूर्णपणे यशस्वी झाली ती ही एकच, आणि तिचं कुणी कधी कौतुक केलं नाही.

रक्तदाब हा आजोबांचा प्रांत. आमचे फॅमिली डॉक्टर कातडी बॅगेतून करड्या रंगाची पत्र्याची पेटी काढायचे. झाकण उघडलं की पाऱ्याची नळी ताठ उभी राहायची आणि आम्ही पोरं भोवती कोंडाळं करायचो. पारा सरसर वर चढायचा, मग डॉक्टर कान देऊन तो हळूहळू उतरवायचे. "वरचं एकशे सत्तर. वय सत्तर, अधिक शंभर. बरोब्बर आहे!" आजोबा खूश. वय अधिक शंभर हा हिशेब तेव्हा भले भले डॉक्टर करत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा दाब ३०० च्या वर होता, आणि त्यांचे खाजगी डॉक्टर तोवर जगाला त्यांच्या उत्तम तब्येतीची ग्वाही देत होते. पुढे १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ माणसांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली, आणि तिथून हळूहळू कळलं की वाढलेला दाब हा म्हातारपणाचा हक्क नाही, धोका आहे. त्या ५,२०९ मध्ये निम्म्याहून जास्त बायका होत्या. हे वाचलं तेव्हा मला आमचं कोंडाळं आठवलं. त्या पेटीचा पट्टा वाड्यातल्या एकाही बाईच्या दंडाला लागल्याचं मला आठवत नाही.

आजोबांना दाबावर आधी सर्पगंधेच्या गोळ्या होत्या. हे झाडपाल्याचं औषध म्हणून आजीला मान्य होतं. ते जगाला मान्य झालं ते मुंबईच्या केईएममधल्या डॉ. रुस्तम वकील यांच्यामुळे. त्यांनी ५० रुग्णांवरचा आपला अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, मग त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे आजोबांकडे अडेल्फेन आली, तिच्यातही रेसर्पिनच. दाब उतरायचा, पण नाक चोंदायचं, झोप यायची आणि काही जणांना फार उदास वाटायचं. आजोबा त्या वर्षांत ओसरीवर तासन् तास गप्प बसत. आम्ही समजायचो, निवृत्त झालेत.

मधले काका एस.टी.त कंडक्टर. दिवसभर उभे, गाडी धावत असताना एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने तिकीट फाडणारे. त्यांना हृदयाने शेवटपर्यंत त्रास दिला नाही. लंडनच्या जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तिथल्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास छापला होता: बसून गाडी चालवणाऱ्यांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. तीन वर्षांनी त्यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या, तर चालकांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या, अगदी नोकरीला लागतानाच. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येईना. मला मॉरिस आवडतात ते यासाठी. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला टाचणी लावायला ते शिंप्याच्या टेपपर्यंत गेले.

ती टेप आमच्या थोरल्या काकांनाही उपयोगी पडली असती. हात-पाय काडी, पण पँट दर दोन वर्षांनी कमरेला उसवून वाढवलेली. शिंप्याला ठाऊक होतं, डॉक्टरांना नाही. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याभोवतीच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या एवढ्याशा बाळातही मांस कमी, चरबी मात्र राखलेली. २००४ साली लॅन्सेटमध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. त्याच वर्षी ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासातून दिसलं की दक्षिण आशियात पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ आहे, इतरत्र ५९ च्या घरात. काका बावन्न वर्षांचे होते. त्यांचं काही जगावेगळं झालं नव्हतं. आता आपल्यासाठी कमरेचा घेर पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० हा इशारा मानतात.

ॲस्पिरिन घरात शिरली १९८८ नंतर. १७,१८७ रुग्णांवरच्या आयसिस-२ चाचणीत अटॅकनंतर महिनाभर रोज अर्धी गोळी दिल्याने मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी झाले. त्या निबंधात एक फार मजेदार तक्ता आहे. संपादकांनी रुग्णांचे वेगवेगळे गट पाडून निकाल दाखवायचा आग्रह धरला, तेव्हा संशोधकांनी जन्मराशींचेही गट पाडले, आणि मिथुन व तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिन लागू पडत नाही असं निघालं! आकडे कापत बसलं की काहीही सापडतं, हे दाखवायलाच त्यांनी तो छापला. काकांची रास तूळ. आजीला हे सांगितलं असतं तर गोळी बंद झाली असती. पुढे वाड्यातले सगळेच पुरुष 'रक्त पातळ राहावं' म्हणून ती गोळी घेऊ लागले, आजार असो नसो. आता धडधाकट वयस्कांना ती सरसकट देत नाहीत. फायद्यापेक्षा रक्तस्रावाची भीती जास्त.

आता थोरली काकू. दोन पातेल्यांचा स्वयंपाक करून ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. काकांच्या आमटीतलं उरलेलं अळणी तिला घशाखाली उतरत नसे, म्हणून भाकरीबरोबर खारवलेली मिरची, लोण्याच्या बेरीतलं काहीबाही आणि चटणी. सकाळ-संध्याकाळ मिश्री. जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, धुराने सगळ्यांना ठसका लागायचा, मग ती कुटून डबीत भरायची आणि ओसरीच्या कोपऱ्यात बसून बोटाने दात घासायची. तंबाखू खातेस का असं कुणी विचारलं असतं तर ती चिडली असती. तंबाखू पुरुष खातात. ही दातांची पूड. पण निकोटिन हिरडीतून रक्तात जातंच आणि दाब चढवतं. जिना चढताना तिला धाप लागायची, पाठ भरून यायची, घाम फुटायचा. 'गॅस झालाय' म्हणून ओवा आणि हिंग. घरात हृदयाचा पेशंट होता ना, मग तिला काय होणार?

१९९२ च्या पावसाळ्यात एका सकाळी ती भाकरी थापत होती. मी शेजारी कणीक मळत होते. भाकरी एकाच बाजूने थापली जातेय, दुसरी कड जाडच राहतेय, हे मला दिसलं. मग तिचं पीठ डाव्या हातातून सुटलं आणि ती काहीतरी म्हणाली ते शब्दांसारखं वाटेना. डॉक्टरांनी माजघरात येऊन दाब घेतला, तो तिच्या आयुष्यातला पहिला. वरचा २२० होता. वय छप्पन्न.

गुठळी विरघळवून पक्षाघात परतवण्याचं औषध तेव्हा नव्हतं. आज ते साडेचार तासांच्या आत देता येतं, म्हणून तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी यातलं एकही दिसलं की १०८ ला फोन आधी आणि नातेवाईकांना नंतर. आमच्याकडे तेव्हा मालीश आणि सल्ले सुरू झाले. कुणीतरी कबुतराच्या रक्ताचीही शिफारस केली. काकू पुढची नऊ वर्षं खाटेवर होती, त्याच माजघरात. काका तिला भरवत. त्यांना बिनमिठाचं जेवण एव्हाना अंगवळणी पडलं होतं, आणि तिच्यानंतरही ते अकरा वर्षं जगले.

आता आम्ही भावंडं दिवाळीला जमतो तेव्हा दाब मोजायचं सेलवरचं यंत्र फराळाच्या डब्यांशेजारी असतं. माहेरवाशिणी आणि सुना आधी, पुरुष नंतर, हा ताईचा नियम आहे. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीला, बाही वर, बोलायचं नाही. हे शेवटचं कुणालाच जमत नाही. गेल्या दिवाळीत धाकट्या वहिनीचा वरचा आकडा १६८ आला. ती म्हणाली, गच्चीवरून आत्ता आले म्हणून. बसवून पुन्हा घेतला, १६४. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाडवा झाल्यावर तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी गोळी लिहून दिली आणि नवऱ्याची गोळी घ्यायची नाही असं दोनदा बजावलं, कारण तिने ती आदल्या रात्री घेतली होती. "एकाच घरातलं औषध," वहिनी म्हणाली, "वेगळं कशाला आणायचं?"